सातव्या मैलावरचा शेरा

माणसाला राग येण्यासारख्या गोष्टी जगात कमी नाहीत. खारट वरण आहे, न विचारता सल्ला देणारा मेव्हणा आहे, ऐन जेवणाच्या वेळी दारात उभा राहणारा पाहुणा आहे. किन्हीराजा गावचे उकंडराव या सगळ्यांपुढे गरीब गाय होते. त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा, मोकळ्या रकान्याचा.

उकंडराव रस्त्याच्या खात्यात मुकादम होते. किन्हीराजाहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या सडकेचे पाच ते अकरा हे मैल त्यांच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे काय, तर चार मजूर, सहा टोपल्या, मुरूम ठोकायची एक धुम्मस आणि एक नोंदवही. वहीत पाच रकाने होते: तारीख, मैल, मजूर, काम आणि शेरा. एकोणीसशे एकोणीस साली नोकरीवर लागले त्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने वही हातात देताना सांगितलं, "हे पाह्य उकंडा, रकाना मोकळा दिसला तं काम झालं नाई असं धरीन मी." कारकून बोलला ते पहिल्या चार रकान्यांबद्दल. शेऱ्याच्या रकान्यात त्याने स्वतः जन्मात काही लिहिलं नव्हतं, त्याच्या आधीच्यानेही नव्हतं. पण उकंडराव तिसरी इयत्ता शिकलेले. त्यांना पाच म्हणजे पाचच कळत होते.

पहिल्या दिवशी सातव्या मैलावरच्या वळणाशी तीन खड्डे बुजवून झाले आणि ते तिथल्याच जुन्या निंबाखाली वही मांडीवर घेऊन बसले. चार रकाने पटापट भरले. पाचव्याशी गाडं अडलं. शिसपेन्सिलीचं टोक जिभेला लावून लावून जीभ काळी झाली तरी शेरा सुचेना. शेवटी देवाचं नाव घेऊन वर पाहिलं, तर निंब मोहोराने पांढरा झालेला. उकंडरावांनी लिहिलं, 'निंबाला मोहोर आला आहे. वास पुलापर्यंत जातो.' रकाना भरला. गडी घरी जाऊन पोटभर जेवला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. काम संपलं की उकंडराव शेऱ्याच्या शोधात निघायचे. कधी पुलाखाली उतरून पाणी किती बोटं आहे ते पाहायचे, कधी बाभळीवर सुगरणीचे खोपे मोजायचे. शोधणाऱ्याला सापडतं. हळूहळू रकाना अपुरा पडायला लागला, अक्षर बारीक होत गेलं. 'पुलाजवळचा खंड्या चार दिवस दिसला नाही. पाणी आटलं म्हणून गेला असेल. त्याचा दोष नाही.' 'निंबावर मोहोळ बसलं. मजूर दोन, दोघेही सुजले.' 'नाल्यात मासे मेले. वरच्या अंगाला कोणीतरी अंबाडी सडत घातली आहे. कोणी ते माहीत आहे, पण गावात राहायचं आहे.' 'सहाव्या मैलावरची बाभूळ चोरीस गेली. बाभूळ सरकारी होती. सावली आमची होती.'

हे सगळं महिन्याच्या महिन्याला ओव्हरशियर बबनरावांकडे तपासायला जायचं. बबनराव सायकलवर हिंडणारे, पायजम्याला चिमटे लावणारे, नियमाचे भोक्ते. पहिल्यांदा त्यांनी मोहोराचा शेरा वाचून पान उलटलं. दुसऱ्यांदा त्यांना वाटलं, मुकादमाला ऊन लागलं असेल. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी उकंडरावांना उभं केलं.

"काय रे, हे काय लिहून राह्यला तू? खंड्या आला का गेला, खात्याले काय करायचं?"

"साहेब, रकाना मोकळा राहून राह्यला होता."

"मंग राहू दे ना!"

"मोकळा कसा ठेवू साहेब? त्याची पन तं छपाई झाली हाय."

बबनरावांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. त्यांनी शेऱ्यावर तिरपी रेघ मारून शेजारी लिहिलं, 'असंबद्ध'. पुढे दर महिन्याला, दर पानावर, दर शेऱ्यापुढे ते हा शब्द लिहीत गेले. उकंडरावांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. साहेब एकूण एक शेरा वाचून सही करतात, याचं त्यांना फार समाधान होतं.

आता नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नावावरच आहे. उकंडा म्हणजे उकिरडा. त्यांच्या आईची आधीची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. चौथं जगावं म्हणून तिने ते जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं, शेण-केरात लोळवलं आणि शेजारणीकडून उचलून घेतलं. यमाने यादी वाचत यावं, या नावाशी नाक दाबावं आणि पुढच्या घरी जावं, असा तो बेत. बेत फळला, पोरगं जगलं, पण नाव जन्माला चिकटलं. शाळेत पोरं नाक धरायची. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा करवल्या पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. नवरी होती प्रयागबाई. तिने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"उन्हातान्हात सडकेवर निंबाची साउली,
उकंडरावाचं नाव घ्याले कोनाची लाज आली?"

करवल्यांनी पदरातून तोंडं बाहेर काढली. उकंडरावांनी त्या दिवशी बायकोला जे मानलं ते कायमचं. तरीसुद्धा मनात एक सल राहिलाच. आपलं नाव कुठेतरी असं दिसावं की बघणाऱ्याने नाक धरू नये, एवढी एकच हौस त्यांना होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. प्रयागबाईला न सांगता माहीत होती, ते वेगळं.

ती हौस पुरी व्हायला एक पूल वाहून जावा लागला. सातव्या मैलावरचा पूल एका श्रावणात नाल्याच्या लोंढ्याने उचलून नेला आणि खात्यात एकच धावपळ उडाली. मुरूम वाईट होता, चुना कमी होता, गवंडी दारू प्यायचा, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. अकोल्याला मोघे नावाचे नवे इंजिनियर साहेब आले होते. त्यांनी या मैलाच्या जुन्या वह्या मागवल्या आणि वाचता वाचता एका पानावर थबकले. 'नाल्याच्या वरच्या अंगाचे करंज आणि जांभळं तोडून नेली. आता माती धरायला कोणी नाही. पूल दोन पावसाळे काढील, तिसरा काढणार नाही.' वर तारीख तीन वर्षांपूर्वीची. शेजारी लाल अक्षरांत 'असंबद्ध'.

मोघे साहेबांनी मग एकूण एक वही वाचली. अकरा वर्षांचे शेरे. जेवताना वाचले, दौऱ्यावर वाचले, आणि शेवटी पदरमोड करून त्यांतल्या निवडक शेऱ्यांची साठ पानांची चोपडी छापून घेतली. तिची एक प्रत किन्हीराजाला आली. उकंडरावांनी हात धुऊन ती उघडली. पहिल्या पानावर छापलेलं होतं, 'लेखक: उकंडराव पुंजाजी, मुकादम.' त्यांनी ते बोटाने पुसून पाहिलं. निघालं नाही.

साहेब एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी लेखी हुकूम काढला, की सातव्या मैलावर वळणाशी या मुकादमाच्या नावाचा दगड सडकेच्या कडेला उभा करावा. चैत्रात नागपूरचे बडे साहेब मोटारीने याच सडकेने जाणार आहेत, त्यांना तो दाखवावा. दगड घडवायचं काम मंगरूळपीरच्या निजामुद्दीनभाईंकडे गेलं. पंचक्रोशीत दगडावर अक्षर कोरावं तर निजामुद्दीनभाईंनीच. मराठी ते वाचत नसत, पण कागदावरचं अक्षर दगडावर असं उतरवत, की ते लिहिणाऱ्यालाच आपलं अक्षर सुधारल्यासारखं वाटे.

दगड तयार झाल्याचा निरोप आला आणि उकंडराव धोतर-टोपी घालून मंगरूळपीरला गेले. काळा, गुळगुळीत, छातीइतका उंच दगड. त्यावर तीन चौकटी. पहिल्या चौकटीत मोठ्या अक्षरांत 'उकंडराव पुंजाजी'. दुसरीत 'या सडकेची झाडे, पाखरे व पाणी यांचे लेखक'. मग त्यांची नजर तिसऱ्या चौकटीवर गेली. चौकट सुबक होती, कडेला वेलबुट्टी होती, आत मात्र काहीच नव्हतं.

"भाई, हा रकाना मोकळा?"

निजामुद्दीनभाईंनी छिन्नी खाली ठेवली आणि जरा संकोचून दाढी कुरवाळली. "ती तारखेची जागा हाय, मुकादमसाब."

"कायची तारीख?"

"आता… आजवर आपुन जेवढे दगड बनवले ते जानेवाल्यांचे. नाव, काम अन् तारीख. तीन चौकटीबिगर दगड नंगा दिसते. तुमी तं माशाल्ला चांगले हट्टेकट्टे हाय. म्हून जागा सोडून ठेवली. काही जल्दी नाई."

उकंडराव परत आले. मोकळ्या रकान्यावर जन्मभर दात ठेवलेला माणूस, आणि त्याच्याच दगडावर मोकळा रकाना! बरं, भरा तरी कसं म्हणणार? प्रयागबाईने भाकरी वाढली, ती ताटात तशीच राहिली. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी सांगून टाकलं. त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत, कारण भांडणात दुसरी बाजूही बोलते.

"सासूनं उकिरड्यात दडवला माह्या नवरा! यमाच्या नजरीआड राहावा म्हून! अन् तुमी आता मोठ्ठ्या अक्षरात सडकेवर नाव टांगता? अन् खाली जागा पन सोडता? ये बाप्पा, अन् भर!"

"अवं, पन नाव पाह्य ना किती चांगलं कोरलं…"

"मले नाई वाचता येत. यमाले येते."

उकंडराव हात धुऊन उठले. पण दगड नको असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. हौस अशीच असते, घरातल्यांच्या शिव्या खाऊनही ती जिवंत राहते.

रामनवमीला सहा दिवस होते. पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या गाड्यांची सडकेवर रांग लागली होती. त्याच रांगेत एका बैलगाडीतून दगड आला. उकंडरावांचा मजूर जानराव आणि बाकी तिघांनी तो उतरवला आणि तूर्त निंबाच्या बुंध्याशी सावलीत उभा केला. तेवढ्यात बबनराव सायकल मारत आले. पूल गेल्यापासून त्यांची लाल पेन्सिल खिशातच होती आणि मोघे साहेबांच्या मर्जीत परत शिरायचं तर हा दगड झोकात उभा राहायला हवा होता. बडे साहेब मोटारीतून येणार, तेव्हा मोटारीतून दगड कसा दिसेल ते बघणं आलं. मोटार कुठून आणायची? बबनराव स्वतःच मोटार झाले. सायकलवर ताठ बसून, मान उजवीकडे वळवून, ते त्या वळणावरून पाच वेळा गेले. पाचव्या वेळी नाल्यात जाता जाता वाचले. उतरले ते निकाल घेऊनच.

"दगड दिसत नाई. हा निंब मधात येते. परवा सकाळी झाड काढा."

उकंडरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी सायकलचं हँडल धरलं. "साहेब, दगडच तिकडं सरकवू ना, नव्या पुलाजवळ!"

"हुकमात 'वळणाशी' लिहिलं हाय. साहेब दौऱ्यावर हाय, विचारायले वेळ नाई."

"पन साहेब, या झाडाचं लिहिलं म्हून तं हा दगड हाय!"

"मंग आता दगडावर त्याचं लिहिलंच हाय ना?" बबनराव चिमटे सारखे करत म्हणाले. "आता झाड काहून पायजे?"

आणि ते गेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर लेखकाचा दगडच झाडाच्या मुळावर आला होता. कुऱ्हाडी चालवायच्या त्या उकंडरावांच्याच मजुरांनी. उभं राहून पाहायचं उकंडरावांनी. आणि संध्याकाळी वहीत कामाच्या रकान्यात लिहायचं, 'झाड एक, तोडले.' मग शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं? तिथे त्यांचं डोकं चालेना. बारा वर्षांत एकही रकाना मोकळा न सोडलेल्या माणसाला तो रकाना भरण्याची भीती वाटली.

दुसरा दिवस बाजाराचा. मजुरांना सुट्टी. उकंडराव सकाळीच शेलूबाजारला गेले, किराणा दुकानातून शेंदराची मोठी पुडी आणि गोडं तेल घेतलं, आणि भर दुपारी सातव्या मैलावर येऊन दगडापुढे बसले. आपल्याकडे एक रीत आहे, ती त्यांना चांगली ठाऊक होती. रस्त्याकडेच्या दगडाला एकदा शेंदूर लागला, की त्या दगडाला कोणी हलवत नाही आणि त्याच्यावरच्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. सरकारचा हुकूम तिथे चालत नाही, कारण सरकारचे मजूरही आपलेच.

त्यांनी शेंदूर तेलात कालवला. दगडाची मागची बाजू माखली. दोन्ही कडा माखल्या. माथा माखला. वेलबुट्टी माखली. 'या सडकेची झाडे, पाखरे व पाणी' हेही जड मनाने झाकून टाकलं. राहिली वरची चौकट आणि खालची. हात वर नेला, नावापर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला. नाव तेवढं राहू दिलं तर? पण नाव दिसणाऱ्या दगडाला देव कोण म्हणेल? 'मुकादमाचा दगड' म्हणतील आणि झाड पाडतील. उकंडरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, कोपरापर्यंत शेंदूर, सडकेवर बसून रडत होता. त्यात हसण्यासारखं होतंच, पण हसायला तिथे कोणी नव्हतं.

प्रयागबाई भाकरी घेऊन आली ती अशा वेळी. तिने दगड पाहिला, झाड पाहिलं, नवरा पाहिला. कुऱ्हाडीची गोष्ट तिला काल संध्याकाळीच जानरावाच्या बायकोकडून कळली होती. काही विचारावं लागलं नाही. भाकरीचं फडकं खाली ठेवून ती शेजारी टेकली.

"यात तुमचं नाव कोनतं?"

त्यांनी दाखवलं.

"हे एवढं सारं?"

"एवढं सारं."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, घाई न करता. 'उ' च्या वळणाशी जरा थांबली. मग म्हणाली, "चांगलं हाय." आणि त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. "सरका तिकडं. तुमच्याच्यानं होनार नाई."

तिने एकेक अक्षर शेंदराने भरलं, भिंतीतली भोकं लिंपावीत तसं, गच्च. मग खालच्या मोकळ्या चौकटीकडे वळली. तिथे तिने वाटीत उरलेला सगळा शेंदूर थापला, तळव्याने दाबून दाबून. "हं," ती म्हणाली, "आता शोध म्हना यमाले."

दोघांनी तिथेच भाकरी खाल्ली. आचवून उठतात न उठतात तोच यात्रेची एक गाडी सावली पाहून थांबली. बायाबापड्या उतरल्या, ताजा शेंदूर पाहिला, पायातल्या वहाणा निघाल्या. एका म्हाताऱ्याने उकंडरावांना विचारलं, "कोनता देव हाय, बाबा?"

उकंडरावांनी जन्मात खोटा शेरा लिहिला नव्हता. ते खाली पाहू लागले.

"सातव्या मैलाचा हाय," प्रयागबाई म्हणाली.

यात खोटं काय होतं? म्हाताऱ्याने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने जवळ उभ्या असलेल्या उकंडरावांच्याच हातावर ठेवला. स्वतःचा प्रसाद स्वतः खाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. उकंडरावांनी तो डोळे मिटून खाल्ला. संध्याकाळपर्यंत अशा अकरा गाड्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर कुऱ्हाडी घेऊन आले. सगळ्यांत पुढे जानराव, ज्याचा एक घाव दुसऱ्याच्या चारांच्या तोडीचा. दगडापुढे फुलं, अबीर, नारळाच्या करवंट्या. जानरावाने कुऱ्हाड खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि हात जोडले. मागून बबनराव ओरडत आले, "अरे, काय करून राह्यले तुमी? परवा तूच उतरवला ना हा दगड गाडीतून?"

"मीच उतरवला, साहेब."

"मंग?"

"मंग काय? परवा दगड होता."

बबनरावांनी दम दिला, नोकरीवरून काढायची भाषा केली, शेवटी स्वतः कुऱ्हाड उचलली. निंबाजवळ गेले. दगडाकडे पाहिलं. मजुरांकडे पाहिलं. मग वर झाडाकडे पाहिलं आणि त्यांना आठवलं की घरी बायकोचे दिवस भरत आलेत. कुऱ्हाड हळूच खाली गेली. जाताना त्यांनी टोपी सारखी करायच्या निमित्ताने कपाळाला हात लावला. ते सगळ्यांनी पाहिलं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे घाव दगडाने सोसले आणि निजामुद्दीनभाईंनी घातले. त्यांना बातमी कळली तेव्हा ते कपाळ धरून बसले. "काय अक्षर घातलं होतं मी! 'लेखक' मधला 'ख' पाहायले पायजे होता. सारं लाल केलं!" पुढे मात्र ते आपल्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले, की आपल्या हातचा एक दगड तर असा निघाला, की आणखी काय सांगू.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. मोघे साहेब बड्या साहेबांबरोबर उतरले. शेंदराने माखलेला दगड पाहून बडे साहेब म्हणाले, देवस्थान छान आहे, आणि टोपी काढून सावलीत उभे राहिले. मोघे साहेबांनी उकंडरावांकडची वही मागून घेतली आणि कालचं पान उघडलं. कामाच्या रकान्यात होतं, 'झाड तोडले नाही.' शेऱ्याच्या रकान्यात होतं, 'दगड माझा होता, देवाचा झाला. निंब होता तिथे आहे. मोहोर आला आहे. वास पुलापर्यंत जातो.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि शेजारी लिहिलं, 'संबद्ध'. मग सही केली. उकंडरावांना याही शब्दाचा अर्थ कळला नाही. साहेबांचे डोळे ओले आहेत एवढं कळलं.

पुढची बारा-तेरा वर्षं उकंडराव त्याच सडकेवर होते. सातव्या मैलाचा देव नवसाला पावतो अशी ख्याती झाली. बबनरावांच्या घरी मुलगा झाला, त्याचे पेढे आधी तिथे गेले. लोक येत, शेंदूर चढवत, आणि दगड वर्षाला बोटभर जाड होई. उकंडराव पलीकडे वही घेऊन बसलेले असत. त्यांना कोणी ओळखत नसे. "जरा सरका ना मुकादम, देवाची सावली अडवून राह्यले तुमी," असंही एकदा एक जण म्हणाला. ते सरकले. प्रयागबाई मात्र दर मंगळवारी भाकरी घेऊन आली की आधी दगडापुढे वाकायची. घरात दिवसभर 'तुमाले काही समजत नाई' ऐकणारे उकंडराव ते पाहून मिशीत हसायचे. तिचं कपाळ नेमकं पहिल्या चौकटीवर टेकायचं.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या चैत्रात तीन दिवसांच्या तापाने ते गेले. शेवटची वही पुरी भरलेली होती, शेवटचा रकानासुद्धा.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी निजामुद्दीनभाई सातव्या मैलावर आले. आता पार थकले होते, दाढी पांढरी झाली होती. झोळीत छिन्नी-हातोडी होती. प्रयागबाई निंबाखाली बसलेली. सलाम करून ते दगडापुढे टेकले आणि जाड शेंदरावरून तळवा फिरवू लागले, वर, खाली, पुन्हा वर. चौकट काही हाताला लागेना.

"काय शोधता, भाई?"

"भाभी, तारखेची जागा. मीच सोडली होती. तुमाले ठाव असंल."

"ठाव हाय. मीच झाकली."

"मंग दाखवा ना. शेंदूर तेवढाच काढतो. देवाले धक्का लागनार नाई."

"नाई दाखवत."

"भाभी, सारी जिंदगी काम पुरं केल्याबिगर मी उठलो नाई. हे एकच अधुरं राह्यलं. काम अधुरं ठेवून मी मरू कसा?"

प्रयागबाईने पदराने डोळे पुसले. मग फडकं सोडलं, भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला.

"मंग नका मरू," ती म्हणाली.